ड्रायव्हरला शब्द दिलेलाच नाही

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांना जोडणारा तिचा मूळ भाग, अपडेट झालं, संगणक पुन्हा सुरू केला आणि पडदा काळाच राहिला. कंपनीने दिलेला बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा कोड, वापरणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. चूक कोणाची? लिनक्सवाले म्हणतील, आमची नाही. आणि त्यांचं म्हणणं नियमाला धरूनच आहे.

कर्नलला दोन दारं आहेत असं समजा. पुढच्या दाराने आपले प्रोग्राम येतात. तिथे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक कडक आहे: कर्नल बदललं म्हणून चालता प्रोग्राम मोडता कामा नये. मागच्या दाराने ड्रायव्हर येतात, आणि तिथे असा कोणताही शब्द दिलेला नाही. नवं कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं. दरम्यान आतल्या फंक्शनची नावं, त्यांना द्यायची माहिती, काहीही बदलू शकतं.

हा गलथानपणा नाही, ठरवून घेतलेली भूमिका आहे. कर्नलच्या प्रमुख विकासकांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती लिहूनच ठेवलीय आणि दाखला यूएसबीचा दिलाय: लिनक्सने यूएसबीची आतली रचना किमान तीनदा नव्याने लिहिली. जुन्या ड्रायव्हरना सांभाळत बसलं असतं, तर जुनी रचनाही कायम वागवावी लागली असती. शिवाय आतलं फंक्शन जो बदलेल, त्यानेच कर्नलमधल्या सगळ्या ड्रायव्हरची डागडुजी करायची, असा रिवाज आहे. पण ज्याचा सोर्स कोड कंपनीच्या कुलुपात आहे, त्याची डागडुजी करणार कोण? असा ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःला ‘डागाळलेलं’ म्हणून नोंदवतं. सोवळ्यातलंच प्रकरण म्हणा ना!

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने यावर तोडगा काढला होता. बंदिस्त गाभ्याभोवती उघड्या कोडचं पातळ वेष्टण ठेवायचं आणि ते प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल करायचं, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायचं. 2012 मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर या कंपनीला मधलं बोट दाखवलं. मे 2022 मध्ये कंपनीने नव्या कार्डांसाठी कर्नलमधला भाग खुला केला, वरचा भाग मात्र बंदच ठेवला.

मला लिनक्सची बाजू पटते, पण तिची किंमत लिनक्सच्याच कर्नलवर चालणाऱ्या अँड्रॉइड फोनवाल्यांनी मोजली. चिप बनवणाऱ्याचे ड्रायव्हर एका जुन्या कर्नलला चिकटलेले. चिपवाला त्यातून हलला नाही, की धडधाकट फोनचंही अपडेट अडायचं. म्हणून अँड्रॉइडने 2017 मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणून सिस्टिम आणि चिपवाल्याचा कोड वेगळे केले. पुढे गुगलने सामाईक कर्नल आणलं आणि ड्रायव्हरना स्थिर इंटरफेसचा, म्हणजे जोडणीचे नियम न बदलण्याचा, शब्दही दिला. तोही मुदतीचा: कर्नलच्या 5.10 या आवृत्तीच्या शाखेत दिलेला शब्द 5.15 च्या शाखेत चालत नाही.