भरलेलं जाळं काय सांगतं?

समुद्रातल्या माशांची शिरगणती करता येत नाही. मासे दिसत नाहीत आणि एका जागी थांबतही नाहीत. त्यामुळे हिशेब जाळ्यावरूनच होत आला: तासभर जाळं ओढल्यावर किती किलो मासळी मिळाली? गेल्या वर्षीपेक्षा कमी मिळाली, तर साठा घटला. हिशेब सरळ आहे, फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. दर खेपेला साठ्यातला तेवढाच वाटा जाळ्यात येतो, ही.

प्रत्यक्षात तसं होत नाही. हेरिंग मासा दिवसा खोल पाण्यात थव्याने राहतो आणि अंधार पडला की वर येऊन पांगतो. तळावरून ओढलेलं जाळं दुपारी जड लागेल, मध्यरात्री हलकं. तेवढ्या तासांत मासे काही संपलेले नसतात. कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्याची तऱ्हा आणखी वेगळी: बारीक मासा आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, पार निसटतो आणि फार मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही.

खरा घोळ थव्याने राहणाऱ्या माशांचा. समजा, एका पट्ट्यात 1,000 मासे आहेत आणि एका ओढीत 10 मिळतात. पुढे निम्मेच उरले. ते पांगलेले असते तर 5 मिळाले असते. पण उरलेले मासे निम्म्या जागेत दाटीने राहू लागले आणि बोटीने सोनार (आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं यंत्र) लावून नेमकी तीच जागा गाठली, तर पुन्हा 10 मिळतात. कागदावर सगळं आलबेल!

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत असंच घडलं. 1980च्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार कॉड कमी झाल्याची तक्रार करत होते, मोठे ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, मात्र भरून येत होते. ट्रॉलरच्या आकड्यांवर विसंबलेले अंदाज फुगले. 2 जुलै 1992 रोजी कॉडची मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे 30,000 लोकांचं काम गेलं.

पेरूत 1972 साली एल निनोमुळे पाणी तापलं आणि अँकोव्ही हे छोटे मासे किनाऱ्यालगतच्या थंड पट्टीत गोळा झाले. सुरुवातीला जाळी तुडुंब भरली. 1970मध्ये 1 कोटी 20 लाख टनांच्या वर गेलेली मासळी 1973मध्ये 20 लाख टनांच्याही खाली आली.

म्हणूनच संशोधन नौका मासा असेल तिथे जात नाहीत. ठिकाणं आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली असतात. जाळं तेच, वेग तोच, ओढीचा वेळ तोच. मुरलेल्या तांडेलाला हा वेडेपणा वाटेल, पण या मोजणीत रिकाम्या आलेल्या जाळ्याचीही नोंद होते.