जीभ बधिर झाली तेव्हा : स्थानिक भुलीची पार्श्वभूमी

दाढ काढण्याआधी हिरडीत सुई टोचली जाते आणि काही मिनिटांत आपलाच ओठ परका वाटू लागतो. हा परकेपणा पहिल्यांदा प्रयोगशाळेत नोंदला गेला तो जिभेवर. 1860 मध्ये जर्मनीत गटिंगेन येथे आल्बर्ट नीमानने कोकाच्या पानांतून कोकेन वेगळे केले, चाखून पाहिले आणि जीभ बधिर होते असे लिहून ठेवले. गंमत म्हणजे पुढची चोवीस वर्षे शस्त्रक्रियेत त्याचा फारसा उपयोग कुणी करून घेतला नाही.

1884 मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलरने कोकेनचे द्रावण आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले, बुबुळाला टाचणी लावली. काहीच जाणवले नाही. त्याचा निबंध हायडलबर्गच्या परिषदेत दुसऱ्याने वाचला, कारण कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते. अमेरिकेत विल्यम हॉलस्टेडने लगेच नसेभोवती (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूभोवती) इंजेक्शन देऊन अख्खा भाग बधिर करायला सुरुवात केली. स्वतःवर प्रयोग करता करता तो कोकेनच्या आहारी गेला. 1898 मध्ये आउगुस्ट बीअरने कोकेन पाठीच्या मणक्यात दिले. तो आणि त्याचा सहकारी यांनी एकमेकांवरही हा प्रयोग केला. सहकाऱ्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली, तरी वेदना नाही. नंतर दोघांचीही डोकी भयंकर दुखली. मणक्यात भूल दिल्यावरची ती डोकेदुखी आजही भूलतज्ज्ञांच्या ओळखीची आहे.

कोकेनचे व्यसन आणि विषारीपणा परवडणारा नव्हता. हाइनरिश ब्राउनने 1903 मध्ये त्यात अ‍ॅड्रेनॅलिन मिसळले: रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकते, रक्तात हळूहळू जाते. मग आल्फ्रेड आइनहॉर्नचे प्रोकेन आले. व्यसन लावत नाही, पण उशिरा चढते आणि लवकर उतरते. शिवाय हे एस्टर नावाच्या रासायनिक गटातले, काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते.

पुढची उडीही जिभेनेच मारली. 1930 च्या दशकात स्वीडनमध्ये होल्गर एर्डटमनने बार्लीशी संबंधित संशोधनातून तयार झालेला एक पदार्थ चाखला आणि जीभ बधिर झाली. त्याच धाग्यावरून निल्स लॉफग्रेनने 1943 मध्ये लिडोकेन बनवले, तर बेंग्ट लुंडक्विस्टने ते स्वतःवर टोचून तपासले. हे अमाइड नावाच्या दुसऱ्या रासायनिक गटातले. अ‍ॅलर्जी क्वचित, परिणाम झटपट. रुग्णालयात ‘लोकल दिलंय’ म्हणतात तेव्हा बाटलीत बहुधा हेच असते.

नसेतून वेदनेचा संदेश पुढे जायला सोडियमचे कण आत शिरावे लागतात. औषधाचा भाररहित (विद्युतभार नसलेला) रेणू नसेच्या पडद्यातून आत जातो, तिथे त्याला भार येतो आणि तो सोडियमची वाट आतून अडवतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यामुळे भाररहित रेणू कमी उरतात. म्हणूनच ठणकत्या, पू धरलेल्या दाढेला भूल नीट चढत नाही. त्यात दर वेळी डॉक्टरचा हात चुकलेला नसतो.

अमाइड गटातलेच ब्युपिव्हकेन हे औषध तासन् तास टिकते, पण चुकून शिरेत गेले तर हृदय थांबवू शकते, आणि ते पुन्हा सुरू करणे अवघड जाते. याच भीतीतून रोपिव्हकेन हे त्याच्या जातीचे नवे औषध आले, आणि विषबाधेवर शिरेतून स्निग्ध द्रावण देण्याची रीतही. लिडोकेनची कमाल मात्रा साधारण दर किलो वजनामागे 4.5 मिलिग्रॅम, अ‍ॅड्रेनॅलिनसोबत 7 मानतात. ती मोजूनही भूलतज्ज्ञ सुई दिल्यावर रुग्णाशी बोलत राहतात. तोंडात धातूची चव, कानात गुणगुण किंवा सुई दुसरीकडेच टोचलेली असताना ओठ-जीभ बधिर झाल्याचे त्याने सांगितले, की हात तिथेच थांबतो. औषध रक्तात चढू लागलेले असते.