गार झालेला ब्रेक साक्ष देत नाही

उतारावरच्या अपघातात बहुतेक वेळा ड्रायव्हर म्हणतो, "ब्रेक लागलेच नाहीत." मग ट्रक बाजूला घेतला जातो, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तपासणी होते आणि ब्रेक व्यवस्थित लागतात. ड्रायव्हर खोटं बोलला, असा सगळ्यांचा समज होतो. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तापलेला ब्रेक निकामी होतो आणि गार झाला की बऱ्याच वेळा पुन्हा कामाला लागतो. गुन्हा करून जागेवरून पसार होणारा हा आरोपी आहे.

पुण्याच्या लोकांना यासाठी लांब जायला नको. मुंबई-बंगळूर महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं, की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. वळणं फारशी नाहीत आणि रस्ता रुंद आहे, त्यामुळे हा घाट आहे असं वाटतच नाही. खरी गोम तिथेच आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका अवजड ट्रकमुळे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात एका कंटेनरने गाड्यांना धडक दिली, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला.

आता जरा हिशोब करू. माल धरून ४० टन वजनाचा ट्रक १०० मीटर उंचीवरून खाली आला, तर त्या उंचीत साठलेली सुमारे ३ कोटी ९० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ट्रकचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर तिची उष्णता होणार. एवढ्या उष्णतेत सव्वाशे लिटर पाण्याला उकळी फुटेल, म्हणजे साधारण साडेबाराशे कप चहाचं आधण. ही सगळी उष्णता ब्रेकच्या लोखंडी ड्रमांच्या गळ्यात पडते. सगळ्या ड्रमांचं मिळून वजन अर्धा टन धरलं आणि वाऱ्याने होणारा गारवा सोडून दिला, तर तापमान १७० अंशांनी वाढतं. आणखी १०० मीटर उतरलं की आणखी १७०. निम्म्या चाकांचे ब्रेक नीट लागत नसतील, तर उरलेल्यांच्या वाट्याला दुप्पट.

तीनशे अंशांच्या आसपास लायनर, म्हणजे फिरत्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर, हात टेकायला लागतो. त्यातली राळ जळते, वायू सुटतो आणि घर्षण घटतं. शिवाय तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून दूर जातो. पाय पॅडलवर पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी मात्र पुढेच जाते. खंबाटकीत किंवा बोरघाटात ट्रकच्या मागे असताना जो करपट वास येतो, तो या सगळ्याची आगाऊ सूचना असतो. आपण काच वर करतो आणि पुढे जातो.

आता इंजिन बंद केलं तर काय होतं ते बघा. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन थांबलं की ब्रेक दाबताना दर वेळी टाकीतली हवा फक्त खर्च होते, भरली जात नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. दाब फारच उतरला तर बऱ्याच ट्रकमध्ये स्प्रिंग सुटून मागचे ब्रेक आपोआप आवळले जातात, हे खरं. पण ती स्प्रिंग आवळते कशाला? त्याच तापलेल्या ड्रमला.

आणि हे सगळं कशासाठी, तर डिझेलसाठी. अवजड ट्रकचं इंजिन जागेवर नुसतं फिरत राहिलं, तर तासाला साधारण दोन लिटर डिझेल पितं. पाच किलोमीटरचा उतार ताशी ४० ने उतरायला साडेसात मिनिटं लागतात, म्हणजे बचत पाव लिटर. कटिंग चहाचे दोनतीन ग्लास होतील एवढी. त्यातही खरा विनोद पुढे आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की आजकालची इंजिनं डिझेल सोडणंच बंद करतात, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त जाळतो आणि वर ब्रेकही जाळतो. गिअरमधलं इंजिन गाडीला मागे ओढतं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवणारी झडप) असेल तर आणखी जोरात, आणि तेवढा भार ड्रमांवरून उतरतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक भौतिकशास्त्राच्या कुठल्याही कसोटीला उतरतो.

सरकारी प्रयत्नांकडे मी या हिशोबातून बघतो. रस्ता सुरक्षा सप्ताह आपण कित्येक वर्षं पाळत आलो, २०२१ मध्ये त्याचा महिना झाला. फलक लागतात, फेऱ्या निघतात, शाळेतली मुलं गुलाबाची फुलं वाटतात. 'वेगावर नियंत्रण ठेवा' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते दिसतही नाही. उतारावरच्या ड्रायव्हरला त्यातून काहीच कळत नाही, कारण त्याला नियंत्रण ठेवायचंच आहे, कसं ठेवायचं ते हवं आहे. त्यापेक्षा 'न्यूट्रल नको, गिअरमध्येच उतरा' हे चार शब्द कामाचे. त्यातही हिंदी, कन्नड आणि तमिळमध्ये लिहिलेले, कारण या रस्त्यावरचे निम्मेअधिक ड्रायव्हर मराठी पाट्या वाचत नसावेत.

नवले पुलाच्या उतारावर रंबलर, म्हणजे गाडी खडखडवणारे उंच पट्टे, बसवले गेले, अवजड गाड्यांची वेगमर्यादा खाली आणली गेली. मर्यादेला लोक नाकं मुरडतात, पण तिच्यामागेही गणित आहे. १०० मीटरला ४ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ४० टनी ट्रक ताशी ६० ने आवरायचा, तर जवळपास साडेतीनशे अश्वशक्ती उष्णतेत जिरवावी लागते. ताशी ३० ला त्याच्या निम्मी. एकूण उष्णता तेवढीच राहते, पण ड्रमांना ती हवेत सोडायला दुप्पट वेळ मिळतो. आणि तरीही टक्कर झालीच, तर ३० च्या वेगातली ऊर्जा ६० च्या एक चतुर्थांश असते. म्हणून वेग टिपणारा कॅमेराही एकाच जागी उभा असून भागत नाही. त्याच्यापुढे ब्रेक मारून पुढे पुन्हा सुसाट जाणारा ट्रक ड्रम आणखी तापवतो. दोन टोकांच्या कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजणं हा त्यावरचा उपाय.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,६८,४९१ मृत्यूंची नोंद आहे, त्यातले १५,२२४ महाराष्ट्रातले. देशातल्या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक 'अतिवेग' या एका रकान्यात जातात. मस्तीत पळवलेली मोटारसायकल आणि लायनर जळालेला ट्रक त्या रकान्यात शेजारी शेजारी बसतात. कारणच एका शब्दात गुंडाळलं, की उपायही घोषणेच्या आकाराचा निघतो.

घाट उतरून ढाब्यावर थांबलेला मुरब्बी ड्रायव्हर कधी बघा. चहा सांगायच्या आधी तो गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात धरतो. हात लावत नाही, नुसता जवळ नेतो. तापलेल्या चाकांपाशी तो रेंगाळत नाही. एखादं चाक थंड लागलं, की मात्र क्लीनरला हाक मारून तो गाडीखाली वाकतो. बाकीचे ब्रेक भाजून निघत असताना त्या एकाने काहीच केलेलं नसतं.