फ्लॅट भाड्याने देताय? लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर कसं करायचं, कागद काय लागतात आणि ११ महिन्यांच्या हट्टाचं काय

राहायला एक आणि भाड्याने द्यायला एकदोन फ्लॅट, अशी गुंतवणूक पुण्यामुंबईत आता बऱ्याच घरांत असते, पण भाडेकराराची (म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, ठराविक मुदतीसाठी जागा वापरायला दिलेल्या परवानगीच्या कराराची) वेळ आली की अजूनही कितीतरी मालक स्टॅम्प पेपरवर मजकूर टाईप करून नोटरीचा शिक्का मारून मोकळे होतात आणि वर सांगतात, ११ महिन्यांचा आहे ना, मग रजिस्टर कशाला. महाराष्ट्रात हे चालत नाही. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला (लीजला) नोंदणीची सक्ती नाही हा देशपातळीवरच्या नोंदणी कायद्यातला नियम, त्यातनं हे ११ महिन्यांचं खूळ आलंय. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, त्यात मुदत कितीही असो, करार लेखी आणि रजिस्टरच पाहिजे. आणि ही जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण खरी मेख पुढे आहे: करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. तुम्ही म्हणाल भाडं २५ हजार ठरलं होतं, तो म्हणेल १५ हजार, आणि तुमच्या हातात नोटरीचा कागद.

करार कोण करू शकतं? ज्याच्या नावावर जागा आहे तो, आणि नावं दोन असतील तर दोघं. नवराबायकोच्या जॉइंट नावावरच्या फ्लॅटला एकट्या नवऱ्याने सही करून भागवायचं हा सर्रास होणारा प्रकार आहे, करू नका. वडील वारले आणि फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर असेल तर आधी सोसायटीत वारसांची नावं लावून घ्या, मग भाडेकरू शोधा. मालक परदेशात असेल तर इथल्या नातेवाईकाला पॉवर ऑफ ॲटर्नी द्यावी लागते, ती तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणायची आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायची, हे लोक विसरतात आणि मग ऐनवेळी धावपळ.

कागद फार नाहीत. मालक आणि भाडेकरू दोघांचं आधार आणि पॅन, दोन साक्षीदार आणि त्यांचं आधार, जागेसाठी इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) किंवा घरपट्टीची पावती किंवा लाईट बिल. आधारवरचं नाव आणि करारातलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. भाडेकरू कंपनी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र किंवा ठराव लागतो.

आता खर्च. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, पण कशावर ते नीट बघा: पूर्ण मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारं व्याज. समजा भाडं २०,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने. भाडं झालं २,२०,००० आणि व्याज साधारण ९,१६७, म्हणजे ड्युटी पावणेसहाशेच्या आसपास. साईटवर कॅल्क्युलेटर आहे, तो दाखवेल तो आकडा फायनल. याच्यावर महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० आणि ऑनलाईन दस्ताची हाताळणी फी ३००.

आता हाच करार ३३ महिन्यांचा केला तर? ड्युटी मुदतीच्या प्रमाणात वाढते म्हणजे तीन वेळा ११ महिने केले तरी एकूण ड्युटी तितकीच, पण ते १३०० रुपये तीनदा जायच्या ऐवजी एकदाच जातात, एजंटची फी पण एकदाच आणि अंगठ्याचे ठसे द्यायची वरात पण एकदाच. दरवर्षी पाच किंवा दहा टक्के वाढ करारातच लिहून टाकता येते. ६० महिन्यांपर्यंत हा दर चालतो, त्याच्या वर गेलात की तो भाडेपट्टा धरला जातो आणि ड्युटी भरमसाठ. माझं मत विचाराल तर चांगला भाडेकरू असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, सुरुवातीचे सहा महिने लॉक-इन (त्या काळात करार मोडायचा नाही) आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस ठेवा. ११ महिन्यांनी भाडेकरूला काढायला सोपं जातं हा भ्रम आहे.

प्रक्रिया अशी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर लिव्ह अँड लायसन्सचं ई-रजिस्ट्रेशन आहे. जिल्हा निवडून पासवर्ड बनवला की टोकन नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. मग जागेची माहिती, दोन्ही पार्ट्यांची माहिती, भाडं, डिपॉझिट, मुदत आणि अटी भरायच्या, मसुदा तयार होतो तो दोघांनीही वाचायचा, ड्युटी आणि फी ग्रास (सरकारी रकमा ऑनलाईन भरायची साईट) चलनाने भरायची, मग प्रत्येकाचा फोटो आणि अंगठा. यासाठी वेबकॅम आणि आधारला चालणारं अंगठ्याचं मशीन लागतं, ते घरी कुणाकडे असतं, म्हणून बहुतेक जण अधिकृत सेवा पुरवठादाराला घरी बोलावतात. शेवटी दस्त दुय्यम निबंधकाकडे (दस्तांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) ऑनलाईन जातो, तो तपासतो, चूक असेल तर शेरा मारून परत पाठवतो, नसेल तर रजिस्टर झालेला करार आणि इंडेक्स टू डाउनलोड करता येतो. म्हाताऱ्या माणसांचे ठसे बऱ्याचदा जुळत नाहीत, किंवा भाडेकरू परदेशी असतो आणि आधारच नसतं, तेव्हा सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करायचं. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यायचा असतो.

फर्निचरची यादी, पंखे गिझर किती, मीटरचं रीडिंग, हे सगळं करारात परिशिष्ट म्हणून घाला, डिपॉझिटची भांडणं नव्वद टक्के यावरूनच होतात.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम आहे, करार झाला म्हणून ते आपोआप झालं असं धरू नका. पोलिसांच्या पोर्टलवर फॉर्म आहे, भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, आधीचा पत्ता, नोकरीचं ठिकाण भरायचं. सोसायटीला आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते तो आकार) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तसा २००१ चा शासनाचा आदेश आहे, आणि त्यात घरपट्टी धरायची नसते, त्यामुळे कमिटीने महिन्याला हजारो रुपये मागितले तर आधी बिल फोडून बघा.

मुदत संपली आणि भाडेकरू हललाच नाही तर रजिस्टर कराराचा खरा उपयोग. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, तिथं करारात लिहिलेलं हाच निर्णायक पुरावा धरतात आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र ही वाट फक्त राहायच्या जागेसाठी आहे. दुकान किंवा ऑफिस दिलं असेल तर नेहमीचं कोर्ट, नेहमीची तारीख, म्हणून गाळा देताना डिपॉझिट तगडं घ्या.

टॅक्सचं थोडक्यात: भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातनं ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं जपायची गरज नाही. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर साधा पगारदार भाडेकरूसुद्धा २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापतो, म्हणून पॅन बरोबर द्या. मालक अनिवासी असेल तर ही ५०,००० ची मर्यादा नाही, छोट्या भाड्यावर पण टीडीएस आणि दर ३० टक्क्यांच्या वर, हे दोघांनाही करार करायच्या आधी माहीत पाहिजे, नाहीतर पहिल्याच महिन्यात वाजतं.