पऱ्हाटीचा धूर आणि लेकरांचा न्यूमोनिया

विदर्भात प्रदूषण म्हटलं की चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. खेड्यातल्या बायांच्या आणि लेकरांच्या छातीत मात्र पिढ्यानपिढ्या गेला तो चुलीचा धूर. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून घरामागे रचायची आणि पावसाळाभर पुरवायची. ओली पऱ्हाटी पेटत नाही, नुसती धुपते. बाई फुंकणी घेऊन बसते, आणि काखेतलं लेकरू तोच धूर ओढतं.

यावरचा उपाय वर्ध्यातच शोधला गेला होता. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. संघाच्या वर्ध्यातल्या केंद्रातून, मगनवाडीतून, पुढे धुराड्याची ‘मगन चूल’ आली. तेव्हा काळजी होती डोळ्यांची, काजळीची, सरपणाची. संसर्गजन्य रोगाशी धुराचा संबंध कुणी फारसा जोडत नव्हतं. १८८२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला आणि ‘वाईट हवेने रोग होतो’ ही जुनी समजूत मागे पडली. ते रास्तच होतं, पण हवेकडे पाहणंही त्यासोबत कमी झालं. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं साचलं, हजारो माणसं दगावली. त्यांत ब्रॉन्कायटिस (श्वासनलिकांची सूज) आणि न्यूमोनियाचे रुग्ण बरेच होते.

धुरातले अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस एरवी कफासोबत जंतू वर ढकलतात. धुराने त्यांची हालचाल मंदावते. जंतू गिळणाऱ्या पेशी काजळीनेच भरून जातात आणि न्यूमोनियाचा जंतू मारायला कमी पडतात. कणांवर बसून विषाणू गावभर फिरतात, असं कोविडच्या काळात खूप बोललं गेलं. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. जंतू येतो तो खोकणाऱ्या माणसाकडूनच. धुराने पोळलेल्या छातीत त्याला थारा लवकर मिळतो, एवढंच. पण लेकरासाठी ते ‘एवढंच’ फार मोठं असतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाअखेर लेकरांचं न्यूमोनियाने होणारं मरण गावातच अडवलं. त्यांनी गावकऱ्यांना श्वास मोजायला शिकवलं: दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाचा संशय, औषध लगेच. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चूल तशीच धुपत राहिली.

मग धूर कमी करून पाहिला गेला. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलींनी एकूण न्यूमोनिया ठळकपणे घटला नाही, गंभीर प्रकार मात्र घटला. पुढे भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत स्वयंपाकाचा गॅस देऊन पाहिला, तर तान्ह्यांचा गंभीर न्यूमोनियाही फारसा हलला नाही. म्हणून गॅस निरुपयोगी, असं मी मानत नाही. २०१६ पासून उज्ज्वलाचं सिलिंडर आलं, तरी आंघोळीचं पाणी अजून अनेक घरी पऱ्हाटीवरच तापतं, आणि शेजारच्या चुलीचा धूर कुडाच्या भिंतीने अडत नाही.