नाइन टु फाइव्ह (गीत)

‘कंट्री’ या अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीतली गायिका डॉली पार्टन हिने लिहिलेले, स्वरबद्ध केलेले व गायलेले गीत. नोव्हेंबर १९८० मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. पुढच्याच महिन्यात आलेल्या याच नावाच्या विनोदी चित्रपटाचे ते शीर्षकगीत.

नाव आधी संघटनेचे, मग चित्रपटाचे, मग गाण्याचे. हा क्रम सर्रास उलटा सांगितला जातो. बॉस्टनमध्ये १९७३ साली कॅरेन नुसबाम, एलेन कॅसेडी व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी टायपिस्ट, सेक्रेटरी, कारकून अशा कचेरीतल्या बायकांची ‘नाइन टु फाइव्ह’ ही संघटना उभारली. तुटपुंजा पगार, अडलेली बढती आणि साहेबाची कॉफी करण्यासारखी वरकामे या त्यांच्या तक्रारी होत्या. नुसबाम ही अभिनेत्री जेन फोंडाची युद्धविरोधी चळवळीतली मैत्रीण. तिच्याकडून ऐकलेल्या हकिगतींमधून फोंडाला चित्रपट सुचला.

पार्टनचा हा पहिलाच चित्रपट. शीर्षकगीत आपणच लिहिणार, या अटीवर तिने तो स्वीकारला. सेटवर रिकाम्या वेळात एका हाताची लांब ॲक्रिलिक नखे दुसऱ्या हाताच्या नखांवर घासताना तिला टाइपरायटरची खटखट ऐकू आली. त्याच ठेक्यावर गाणे बांधले गेले. ध्वनिमुद्रणातही तिने नखे वाजवली आणि श्रेयनामावलीत तशी नोंद आहे. नखे खोटी, कडकच हवीत. साधी नखे पातळ असतात व वाकतात, त्यामुळे ठोका उमटत नाही.

मिनिटाला सुमारे १०५ ठोक्यांची लय आणि पियानोचा उडता ठेका यांमुळे हे गाणे आनंदी वाटते. शब्द मात्र कडवट आहेत: सकाळी अंथरुणातून धडपडत उठून कॉफी ओतून घेणे, दिवसभर राबणे आणि श्रेय साहेबाने लाटणे. सभा-समारंभांत ते उत्साहगीत म्हणून वाजवणाऱ्यांचे कडव्यांकडे बहुधा लक्ष नसते.

फेब्रुवारी १९८१ मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत पहिले आले. एडी रॅबिटच्या गाण्याने त्याला खाली ढकलले, पण मार्चमध्ये ते पुन्हा वर चढले. कंट्री यादीतही ते अव्वल ठरले. त्याला दोन ग्रॅमी मिळाले. ऑस्करचे नामांकन मात्र पुरस्कारापर्यंत पोचले नाही.

शीना ईस्टनचे याच नावाचे ब्रिटिश गाणे अगदी वेगळे आहे: त्यात नोकरीला पुरुष जातो आणि प्रेयसी घरी वाट पाहते. घोटाळा टाळण्यासाठी अमेरिकेत ते ‘मॉर्निंग ट्रेन’ या नावाने विकले गेले आणि मे १९८१ मध्ये तेही पहिल्या क्रमांकावर पोचले.