प्लॅनमध्ये न दिसणारा पीळ

बाल्सा या हलक्या लाकडाच्या दोन शीट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. दोन्ही १ मीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड. एक भरली २१ ग्रॅम, दुसरी ३८. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. घरी बांधायच्या मॉडेल विमानाच्या प्लॅनवर, म्हणजे आराखड्यावर, मात्र नुसतं ‘२ मिमी बाल्सा’ एवढंच छापलेलं असतं. यातली कुठली शीट कुठे वापरायची, ते आपलं आपण ठरवायचं.

बाल्साचं झाड मुख्यतः इक्वाडोरमधून येतं. वाढ इतकी झपाट्याची की सहा-सात वर्षांत तोडणीला तयार. त्याच्या पेशी मोठ्या, भिंती पातळ आणि आत पाणीच पाणी. भट्टीत वाळवलं की पाणी जातं, हवा उरते. म्हणून घनता साधारण १०० ते २०० किलो प्रति घनमीटर; सागवानाची साडेसहाशेच्या आसपास असते. स्पॅनिशमध्ये ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत नखाने खड्डा पडणारं हे लाकूड ‘कठीण’ गटात बसतं, आणि याचं कूळ आपल्या काटेसावरीचं, भेंडीचं, कापसाचं. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाचं धड बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलं होतं. तेव्हा याला खेळण्याचं लाकूड म्हणणाऱ्यांकडे मी दुर्लक्ष करतो.

वजनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओंडका कसा चिरला आहे. एका पद्धतीने चिरलेल्या शीटवर बारीक चमकदार ठिपके दिसतात. ती ताठ असते, वाकवली तर तडकते. तिला सी-ग्रेन म्हणतात, आणि पंखाच्या रिब, म्हणजे त्याला आकार देणाऱ्या बरगड्या, तिच्यातून कापायच्या. ठिपके नसलेली, लांब रेषांची ए-ग्रेन शीट सहज वळते. पंखाच्या पुढच्या गोलाईवर ती चढवायची. उलट केलंत तर गोलाईवर तडे जातील आणि रिब लुळ्या पडतील.

माझ्या प्लॅनमधला पंख १.२ मीटरचा, रुंदी २०० मिलिमीटर, आकार क्लार्क वाय. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ साली आखलेला हा छेद आजही नवशिक्यांचा लाडका आहे, कारण त्याचा तळ बराचसा सपाट आहे. सपाट बोर्डवर प्लॅन पसरायचा, वर प्लास्टिकचा कागद घालायचा, टाचण्या मारायच्या आणि पंख तिथेच उभा करायचा. त्याआधी प्लॅन पट्टीने मोजा. प्रिंट काढताना कागदावर तो एखादा टक्का जरी लहान झाला, तरी पंख १२ मिलिमीटरने आखूड होतो.

स्पार म्हणजे पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या पट्ट्या. माझ्या पंखात एक वर, एक खाली, दोन्ही ६ × ६ मिलिमीटर. पंख वर उचलला जातो तेव्हा वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून मध्ये ठेवल्या असत्या तर? गणित करून पाहिलं. २३ मिलिमीटर उंचीच्या रिबमध्ये त्या वर-खाली लांब ठेवल्या की तेवढ्याच लाकडात पंख वाकायला सहापटीहून अधिक ताठ होतो. एवढ्या ताठपणाची गरज पडते का? पडते. १ किलोचं विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येचा लूप, म्हणजे हवेत उभी गोल गिरकी, घेतं, तेव्हा लूपच्या तळाशी पंखावर सव्वातीन किलोंपेक्षा जास्त भार येतो.

पण हा फायदा दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर कायम राहिलं तरच. त्यासाठी मध्ये पातळ बाल्साच्या भिंती लावतात, त्यांचे तंतू उभे. आडवे ठेवले तर स्पार एकमेकांकडे येऊ पाहतात तेव्हा भिंत चेपते किंवा तंतूंच्या रेषेत चिरते.

आता पीळ. फॉइलच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. पिळत नाही. मग कात्रीने तिला एका बाजूने उभी चीर द्या. तीच नळी, तोच पुठ्ठा, आणि आता ती हातात लोळागोळा होते. बंद नळी पिळाला दाद देत नाही. म्हणून स्पारच्या पुढचा भाग वरून-खालून शीटने झाकून इंग्रजी डी अक्षरासारखी बंद पेटी करतात. शेवटची शीट चिकटेपर्यंत पंख मऊ असतो. चिकटली की त्या क्षणी त्याच्यात जो काही पीळ असेल तो कायमचा.

हे मला माहीत होतं. तरी घाई नडली. वरची शीट लावताना डावा पंख बोर्डवरून उचलला, मांडीवर घेतला आणि चिकटवून मोकळा झालो. टोकाला मागची कड ५ मिलिमीटर खाली गेली होती, म्हणजे जेमतेम दीड अंश. पंखावर ताणून चिकटवायची रंगीत फिल्म चढवल्यावर ते डोळ्यांना दिसलंही नाही.

मैदानात दिसलं. वेगात असताना विमान सारखं उजवीकडे कलायचं, आणि उतरताना वेग कमी झाला की नेमका डावा पंख धाडकन खाली. आधी वाटलं, दोन वेगळे दोष आहेत. दोष एकच होता. डाव्या टोकाचा हवेशी कोन जास्त, म्हणून वेगात तिथे उचल जास्त आणि विमान उजवीकडे. वेग घटला की जास्त कोन असलेल्या त्याच टोकावरचा हवेचा प्रवाह आधी पंखापासून सुटायचा आणि तिथली उचल जायची. म्हणूनच बरेच प्लॅन टोकाची मागची कड मुद्दाम वर ठेवायला सांगतात. २०० मिलिमीटर रुंदीला ७ मिलिमीटर, म्हणजे दोन अंश. मग प्रवाह आधी मधल्या भागात सुटतो आणि टोकं शेवटपर्यंत ताब्यात राहतात.

इस्त्री आणि हेअर ड्रायर घेऊन फिल्म तापवली, पंख उलटा पिळून धरला. बंद पेटी कशाला ऐकतेय! शेवटी फिल्म सोलली आणि पुढच्या कडेचा सांधा कटरने लांबच लांब उघडला. पंख त्या पुठ्ठ्याच्या नळीसारखाच हातात ढिला पडला. उजव्याचंही तेच केलं. दोन्ही टोकांच्या मागच्या कडेखाली ७ मिलिमीटरच्या चकत्या सारल्या, टाचण्या मारल्या, सांध्यात फेविकॉल भरलं आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी पंख ४ ग्रॅमने जड भरला.